चाकांवरच्या खोलीसाठी लाकूड

त्या वर्षी सबंध पावसाळा आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर लाकडाचे तुकडे टांगलेले होते. साग, ऐन, खोक्यांचा देवदार, बांबूचा एक दांडा, लोखंडी अँगलचा तुकडा आणि सगळ्यांच्या शेवटी, गौरीच्या सणानंतर टांगलेली शिवण. पागोळ्यांचं पाणी नेमकं त्यांच्यावर पडेल अशा बेतानं खिळे ठोकले होते. लोणावळ्याच्या पावसात भिंतीला शेवाळ चढतं, पेटीतल्या लुगड्यांना बुरशी येते, काडेपेटी चुलीपाशी ठेवली तरच पेटते. असल्या पावसात जे लाकूड फुगणार नाही, पीळ खाणार नाही आणि तरी वजनाला हलकं राहील, त्याचाच सांगाडा करायचा असं माझ्या यजमानांनी ठरवलं होतं. सांगाडा एका लहानशा खोलीच्या भिंतींचा. ही खोली चाकांवर उभी राहणार होती आणि आमच्या मोटारीमागे जोडून आम्ही ती कुठेही नेणार होतो.

दुकान मोटारदुरुस्तीचं, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. मागे आमच्या राहत्या दोन खोल्या. यजमान मूळचे औंढ्याचे, शेतकऱ्याच्या घरचे. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून लागले, तिथे इंजिनाचं काम शिकले आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. मी तळेगावची, मराठी सातवीपर्यंत शिकलेली. सासू-सासरे औंढ्यातच राहत. सासऱ्यांना सारं गाव आबा म्हणे, मी मामंजी म्हणत असे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मला दिवस गेले आणि मूल जन्मतःच गेलं. मुलगी होती. त्यानंतर मी उठत होते, स्वयंपाक करत होते, पण कुणाशी फारसं बोलत नव्हते. आत्याबाई येऊन राहिल्या आणि परत गेल्या. तळेगावला माहेरी जाऊन आले. कुठेच जीव रमत नव्हता. घरातून बाहेर पडलं की घरी यावंसं वाटे, आणि घरी आलं की दाराबाहेर जावंसं वाटे.

त्याच उन्हाळ्यात एक गोरं जोडपं आमच्या दुकानासमोर अडकलं. त्यांच्या मोटारीमागे चाकांवरची एक खोली जोडलेली होती. तिच्या चाकांना जोडणारा कणा मोडला होता आणि दुसरा मुंबईहून येईपर्यंत ती खोली आमच्या आंब्याखाली उभी राहिली. बाईने मला आत बोलावलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. तिने टेबल खाली दुमडलं तर त्याचा पलंग झाला. बाकाचं झाकण उचललं तर आत भांडी. खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता, आणि खिडकीतून आमचंच घर दिसत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. ती बाई समजूतदार असावी, तिने मला उठवलं नाही.

ती मंडळी गेल्यावर जेवताना मी यजमानांना म्हणाले, "अशी खोली असती तर मी तिच्यातच राहिले असते."

कितीतरी महिन्यांनी मी आपण होऊन काही बोलले होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "करूया की," ते म्हणाले.

मला वाटलं, माझं मन राखायला बोलत असतील. पण दुसऱ्याच दिवशी ते भंगारातून एका मोटारीचा कणा आणि दोन चाकं घेऊन आले.

आमची मोटार म्हणजे एका मुंबईकराने टाकून दिलेली जुनी, लहान गाडी. यजमानांनी ती पुन्हा चालती केली होती, पण तिचा दम किती आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रिकामी असली तरी खंडाळ्याचा घाट चढताना ती धापा टाकायची. म्हणून सगळा प्रश्न भिंतींच्या वजनाशी येऊन थांबला. भिंतीला वरून काय लावायचं ते सोपं होतं. चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्या आणि त्यावर रंग दिलेलं जाड कापड. पण ते धरून ठेवणारा सांगाडा कशाचा?

लोखंडी अँगल त्यांच्या हातचा, जोडायला सोपा. पण वजनाला जड, शिवाय हिसक्यांनी त्याचे बोल्ट सैल होतात आणि आमच्याकडच्या पावसात वर्षभरात गंज चढतो. बांबू सगळ्यांत हलका, पण त्याचे सांधे दोरीवर किंवा तारेवर अवलंबून, आणि भुंगा लागला की आतून पीठ. देवदार हलका आणि सरळ, पण खोक्यांचा देवदार खिळा मारला की चिरत जायचा. ऐन चिवट पण वजनाने लोखंडाचा भाऊ. सागाबद्दल तर प्रश्नच नव्हता. सागासारखं लाकूड नाही हे लहान पोरालाही माहीत. पण सागाच्या सांगाड्याची खोली ओढायला दुसरी मोटार लागली असती.

शिवण कुणाच्या डोक्यात नव्हती. ती आत्याबाईंनी सुचवली. गौरीच्या सणाला आम्ही औंढ्याला गेलो होतो आणि यजमान आईजवळ बसून हे सगळं सांगत होते. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "शिवण बघ की रं. हलकी अस्ती, वाकत न्हाई, फुटत न्हाई. आपला पाळना शिवणीचाच हाय, तुझ्या आज्यानं केल्याला, अजून..."

मग त्या थांबल्या. पाळणा माळ्यावर होता, घोंगडीत गुंडाळून ठेवलेला. माझ्यासाठी खाली काढला होता आणि मग पुन्हा वर चढवला होता. आत्याबाईंनी माझ्याकडे न बघता भाकरी तव्यावर टाकली. मी म्हणाले, "खरंच हलका आहे तो. मी उचलून बघितला होता." त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी झालं. त्या दिवसापासून मला पुन्हा त्यांच्याशी बोलता येऊ लागलं.

मग शिवणीचा तुकडाही भिंतीवर टांगला गेला. पाऊस सरल्यावर यजमानांनी सगळे तुकडे खाली काढले. एकेक तुकडा कानाजवळ धरून त्यावर टिचकी मारली, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं, किराणा दुकानातल्या तराजूत घालून वजन केलं. देवदार फुगून बसला होता. बांबूला काळे डाग पडले होते. लोखंडाचा गंज माझ्या हाताला लागला. ऐनाला बारीक भेग गेली होती. शिवण जशी टांगली होती तशी होती. साग तर तसाच राहणार होता. नाणे मावळात ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे शिवणीचे वाळलेले ओंडके होते. ते आणायचं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात मामंजी साग घेऊन आले.

या सागाची हकिकत सांगायला हवी. आमच्या लग्नाच्या वर्षी मामंजींनी बांधावरचे सागवान तोडले होते, तेही चंद्र उतरता असताना, म्हणजे कीड लागत नाही. मग ते ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवले, काढले, कापून घेतले आणि गोठ्याच्या पोटमाळ्यावर एकावर एक रचून ठेवले. मधे मधे लाकडाच्या पातळ चिपा घातल्या होत्या, वारा खेळावा म्हणून. ते मुलाच्या घरासाठी होते. मुलगा दुकान बंद करून किंवा दुसऱ्याला देऊन कधीतरी परत येईल, जुन्या घराशेजारी आपलं घर बांधेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. त्याबद्दल बापलेकांत भांडण कधी झालं नाही. मामंजी विचारत नसत आणि यजमान सांगत नसत. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मामंजी ते खांब उलटेपालटे करून ठेवत, एवढंच.

चाकांवरच्या खोलीबद्दल ते आत्तापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. घराला चाकं लावायची, हे त्यांना कसं वाटलं असेल कोण जाणे. आणि त्या सकाळी बैलगाडी दुकानासमोर येऊन थांबली. मागे सागाचे खांब. तेल दिलेले, स्वच्छ पुसलेले. मामंजींनी नवं धोतर नेसलं होतं.

"आबा, हे काय?" यजमान म्हणाले.

"घराचं हायेत. तुज्या." मामंजी गाडीवरून उतरले. "म्हनलं, हितं बांदतोस तर हितं बांद. चाकावरचं तर चाकावरचं. घर कुटं बी फिरू दे, खांब आपलं असावं."

मी दारात उभी होते. ज्या माणसाने इतकी वर्षं त्या लाकडाला कुणाला हात लावू दिला नव्हता, तो ते आपणहून घेऊन आला होता. आपला हट्ट सोडून आला होता. मी पटकन आत जाऊन चहा टाकला.

बाहेर यजमान त्यांना समजावून सांगत होते. त्यांनी समजावलं अगदी नीट, आदराने. एक खांब उचलायला लावून दाखवला. मोटारीचं इंजिन दाखवलं. घाट चढताना काय होतं ते सांगितलं. "आबा, साग सोनंच हाय. पन हिला वढायचा न्हाई. आर्ध्या घाटात इंजिन बसंल. शिवणीचं करतोय म्या, आयेनं सांगितल्याली." एका शब्दानेही ते चुकीचं बोलत नव्हते.

"पातळ कापून घे," मामंजी म्हणाले. "खांबाच्या चिरफळ्या कर."

"मग घराची लाकडं जातील ना आबा. वाया जातील. ऱ्हाऊ द्या तशीच, घराला लागतील."

"घर कवा?" मामंजींनी विचारलं.

यजमानांनी उचललेला खांब पुन्हा गाडीत ठेवला. मामंजींनी मान हलवली. "बरं. तुज्या गाडीचं तुला ठावं," असं म्हणून ते वळले आणि बैलांच्या मानेवरून हात फिरवू लागले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा गाडी वळत होती. मी म्हणाले, "मामंजी, चहा." ते म्हणाले, "ऊन व्हायच्या आत जातो, पोरी." ऊन काही फार नव्हतं. दिवाळीच्या आधीचे दिवस होते.

यजमान रस्त्यापर्यंत गाडीमागे चालत गेले. परत आले आणि कामाला लागले. मला म्हणाले, "माझं काय चुकलं सांग." ते मला आजही सांगता येणार नाही. शिवण घेणं बरोबर होतं. पण तो साग परत गेला नसता, नुसता आमच्या दुकानात ठेवून घेतला असता, एखादा उंबरठा, एखादी फळी त्याची केली असती, तर काय झालं असतं, हे आम्ही दोघांनी पुढे किती वेळा घोकलं असेल. त्या सकाळी ते कुणालाच सुचलं नाही.

खोली झाली. हिवाळाभर यजमान दुकानाचं काम आटोपून तिच्यावर काम करत आणि मी शेजारी बसून पडदे शिवत असे. शिवणीचा सांगाडा उभा राहिला तेव्हा तो फिकट पिवळा, जवळजवळ लोण्याच्या रंगाचा दिसत होता. भिंती चढवण्यापूर्वी एकदा यजमानांनी एका बाजूने तो सांगाडा उचलून दाखवला आणि मला म्हणाले, "दुसरी बाजू तू धर." आम्ही दोघांनी मिळून आमचं घर हातभर वर उचललं. मी हसले. मी हसले म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले.

पहिल्यांदा आम्ही कामशेतपर्यंत गेलो आणि परत आलो. मग यजमानांनी जेजुरीला जायचं ठरवलं. खंडोबा आमचं कुलदैवत. आत्याबाईंचे गुडघे दुखत, त्यांना रेल्वेच्या गर्दीत चढणं-उतरणं व्हायचं नाही. स्वतःच्या लग्नानंतर एकदा त्या गेल्या होत्या, त्यानंतर नाही. या खोलीतून त्यांना पलंगावर बसवून नेता येणार होतं. मामंजी आणि आत्याबाई दोघांनाही बोलवायला आम्ही औंढ्याला गेलो. आत्याबाई लगेच तयार झाल्या. मामंजी म्हणाले, "जनावरं कोन बघंल? तुमी जाऊन या." त्यांनी खोलीभोवती एक चक्कर मारली, दारापाशी वाकून आत पाहिलं, पण आत पाय ठेवला नाही. आम्ही आग्रह केला. ते म्हणाले, "पुढच्या बारीला."

तो प्रवास मला अजून जसाच्या तसा दिसतो. दिवे घाटाच्या पायथ्याशी यजमानांनी मोटार थांबवली, इंजिनात पाणी घातलं आणि आम्हाला म्हणाले, "उतरू नका, बसा. बघू काय म्हणतीय." मोटार दुसऱ्या, मग पहिल्या गिअरवर करत, कुठेही न थांबता वर गेली. वर पोचल्यावर त्यांनी मागे येऊन खोलीचं दार उघडलं. आत्याबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, खिडकीची चौकट घट्ट धरून. "चढलं?" त्यांनी विचारलं. "चढलं, आये. तुजी शिवण चढली," यजमान म्हणाले. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या.

जेजुरीला दर्शन झालं. गड चढताना आत्याबाई सारख्या बसत होत्या, पण चढल्या. खाली आल्यावर भंडाऱ्याने पिवळे झालेल्या आम्ही तिघांनी खोलीच्या पायरीवर बसून दहीभात खाल्ला. खरं तर तिथूनच परत निघायचं होतं. पण यजमान म्हणाले की थोडं पुढे नीरा नदी आहे, कॅनॉलमुळे तिथे पाणी असतं, आजचा मुक्काम तिथे करू. आम्ही गेलो. नदीकाठी बाभळींच्या सावलीत खोली उभी केली. आत्याबाईंनी तीन दगडांची चूल मांडली, नदीच्या पाण्यात पाय सोडून बसल्या, लुगडं धुतलं, झुडपांवर वाळत घातलं. त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांच्यावर काही काम नव्हतं. ना गोठा, ना शेत, ना कुणाचं येणं-जाणं. दुसऱ्या दिवशी यजमान निघायची तयारी करू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून ऱ्हाऊया की रं. काय जातंय आपलं? घर तर आपल्या संगं हाय."

आम्ही राहिलो. दोन दिवस म्हणता म्हणता आणखी राहिलो.

परत आलो तेव्हा दुकानाच्या दारात माझा चुलत दीर बसलेला होता. तो तिथे रोज येऊन बसत होता. आम्हाला बघून उठला, पण पुढे आला नाही. यजमानांनी मोटार बंद केली. तो म्हणाला, "आबा पडलंत. उजवी बाजू गेली. वाचा बी गेली."

त्याने तळेगावला माझ्या माहेरी माणूस पाठवला होता. जेजुरीलाही एकाला पाठवलं होतं, तो धर्मशाळा पालथ्या घालून परत आला होता. नदीकाठी कोण शोधणार? यजमान त्याला विचारत राहिले, "कवा? कसं?" आत्याबाई मागे खोलीत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या बोलणं ऐकून स्वतःच उतरल्या, गुडघ्यांची पर्वा न करता.

औंढ्याला पोचलो तेव्हा जुन्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत सागाचे दोन खांब उभे होते. खाली जोत्याचे दगड लावलेले. आम्ही निघालो त्याच दिवशी मामंजींनी चुलत दिराला बोलावून काम काढलं होतं. दीर सांगत होता, "आबा म्हनले, त्येंला घर करायला सवड न्हाई तर आपन करू. आल्यावर बघतील. निदान खांब तरी उभं करू." दुसरा खांब उभा करून झाल्यावर ते पाणी प्यायला बसले आणि तांब्या त्यांच्या हातातून पडला.

मामंजी घोंगडीवर पडून होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. आत्याबाई त्यांच्या उशाशी बसल्या. त्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि खाली मान घालून म्हणाल्या, "मीच म्हनले, अजून ऱ्हाऊ."

"आये, तसं नगं म्हनूस," यजमान म्हणाले.

"मीच म्हनले," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

मामंजींना पुण्याला नेलं ते त्याच खोलीतून. पलंगावर त्यांना झोपवलं, मी जवळ बसले, आत्याबाई पायांशी. यजमान मोटार इतकी सावकाश चालवत होते की बैलगाड्याही आमच्या पुढे जात होत्या. वडगावच्या पुढे कुठेतरी मामंजींनी डावा हात उचलला आणि पलंगाच्या कडेचा शिवणीचा खांब धरला. तिथे भिंतीच्या आतून कापड लावलं नव्हतं, लाकूड उघडंच होतं. त्यांनी त्यावरून अंगठा वरखाली फिरवला. शेतकरी कणसावरून फिरवतो तसा. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. शब्द फुटत नव्हता, नुसता आवाज. त्यांनी तो पुन्हा काढला, जोर लावून. आत्याबाईंना वाटलं पाणी मागतायत. त्यांनी पाणी पुढे केलं तर मामंजींनी तोंड फिरवलं. मला ते "चांगलं" ऐकू आल्यासारखं झालं. पण मला तसं ऐकायचं होतं, म्हणूनही ऐकू आलं असेल. यजमानांना मी पुण्याला पोचल्यावर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घर म्हणाले असतील." नक्की काय म्हणाले ते कळलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झटका घरात बसल्या जागीही आला असता, खांब उचलल्यामुळेच आला असं नाही. तुम्ही लगेच पोचला असतात तरी फार फरक पडला नसता. ते मनापासून सांगत होते. यजमानांनी हात जोडले, पण त्यांना ते पटलं नाही हे मला दिसत होतं.

त्या उन्हाळ्यात यजमानांनी दुकान जवळजवळ बंदच ठेवलं आणि औंढ्याचं घर पुरं केलं. मामंजी बाजेवर बसून बघत. एखादा खांब ओळंब्याला सरळ नसला तर डाव्या हाताने खूण करत. तीन खोल्यांचं घर झालं, साग मिरवत उभं राहिलं. मामंजी त्या घरात एक पावसाळा आणि एक हिवाळा राहिले. आम्हीही तिथे जास्त राहू लागलो. बापलेकांत आता बोलणं शक्यच नव्हतं, त्यामुळे भांडण तर नव्हतंच, पण समेटही नव्हता. यजमान रोज संध्याकाळी त्यांच्या हातापायांना तेल लावत. तेल लावताना कधी कधी ते बोलत राहत, मोटारींबद्दल, रस्त्याबद्दल, आणि मामंजी त्यांच्याकडे एकटक पाहत राहत. ते ऐकत होते की नुसते बघत होते, सांगता येत नाही.

मामंजी गेले. त्याच वर्षी दुसरी मोठी लढाई सुरू झाली. पुढे पेट्रोल मोजून मिळू लागलं, टायर मिळेनासे झाले. खोली दुकानामागे ताडपत्रीखाली उभी होती. आत्याबाईंसमोर आम्ही तिचं नाव काढत नसू. त्या लोणावळ्याला आल्या की आम्ही त्यांना पुढच्या दारानेच आत नेत असू, म्हणजे ती दिसायला नको. जेजुरीचा विषय निघाला तर यजमान दुसरंच काही बोलायला लागत. आम्हाला वाटे, त्यांना त्रास होईल. दोघांनाही अगदी तसंच वाटत होतं, त्यामुळे एकमेकांना विचारायचीही गरज पडली नाही.

मग एकदा खंडाळ्याच्या बाजूला रस्त्याचं काम करणाऱ्या एका मुकादमाने मुक्कामासाठी ती मागितली आणि यजमानांनी देऊन टाकली. चाकं काढून, बैलगाडीवर चढवून तो ती घेऊन गेला. यजमान म्हणाले, "बरं झालं. डोळ्यांसमोरून गेली." मलाही बरं झालं असंच वाटलं. ती जाण्यापूर्वी मी पडदे काढून घेतले होते. त्यांची पुढे पायपुसणी झाली.

लढाई संपली त्या वर्षी आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि त्या मागच्या दाराने बाहेर जाऊन परत आल्या. माझ्याजवळ बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "खोली कुटं दिसत न्हाई ती?"

मी म्हणाले, "ती दिली, आत्याबाई. केव्हाच."

"दिली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आगं, मी म्हनत हुते, आता प्याट्रोल मिळायला लागंल. त्या नदीवर पुन्यांदा जाऊन यावं. लय वाटायचं मला."

माझे हात तांदळातच राहिले. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमी कुटं इचारलं? मला वाटलं, तुमालाच त्याचा तरास व्हतोय. म्हून म्या गप ऱ्हायले." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्येंच्या माघारी मला येवडंच एक चांगलं आठवतंय बग. पान्यात पाय सोडून बसले व्हते ते."

संध्याकाळी मी यजमानांना सांगितलं. ते उठून दुकानात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी खंडाळ्याला जाऊन आले. मुकादम केव्हाच काम संपवून निघून गेला होता आणि खोली कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. नवी करायची म्हणून ते काही दिवस बोलत होते. शिवण मिळेल का याची चौकशीही केली. पण तोवर त्यांचे डोळे कमजोर झाले होते, आणि आमची ती मोटारही विकून टाकली होती.

शेवटी आम्ही आत्याबाईंना रेल्वेने नेलं. पुण्याला गाडी बदलून नीरा स्टेशनवर उतरलो. टांग्याने नदीवर गेलो. बाभळी होत्या, पाणीही होतं. पण दुपारची वेळ, सावलीला बसायला जागा मिळेना, जवळच कुणाच्या गुरांचा कळप पाण्यात उतरला होता. आत्याबाई काठावर उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "बसा ना, पाय सोडा पाण्यात." त्या म्हणाल्या, "परत गाडी चुकंल." गाडीला पुष्कळ अवकाश होता. आम्ही तिघं स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो, घरून आणलेल्या भाकरी खाल्ल्या. यजमानांनी त्यांना विचारलं, "आये, बरं वाटलं का?" त्या म्हणाल्या, "व्हय की. बरं वाटलं." आणि गाडी येईपर्यंत त्या रुळांकडे बघत राहिल्या.